'आपण जिंकलो' म्हणजे नेमकं कोण जिंकलं?

२ नोव्हेंबर २०२५ची रात्र. मी परळला आईकडे राहायला गेले होते. तिकडे नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, महिला विश्वचषकाची अंतिम लढत चालू होती. पावसाने सामना दोन तास उशिरा सुरू झालेला, त्यामुळे रात्रीचे बारा वाजत आले तरी चाळ जागी होती. गॅलरीत उभं राहिलं की गंमत कळायची. ज्यांच्याकडे टीव्ही चालू होता त्यांच्याकडे आरडाओरडा आधी, मोबाइलवर बघणाऱ्यांकडे अर्ध्या मिनिटाने. वरच्या मजल्यावरचा एक मुलगा कठड्यावरून ओरडून सांगत होता, "अरे आधी ओरडू नका ना कोणी, माझं मागे चाललंय!" विकेट पडली की ओरडा एका खोलीतून निघायचा आणि मजल्यामजल्याने पुढे सरकत जायचा.

शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे पळत जाऊन घेतला. दक्षिण आफ्रिका २४६ वर बाद, भारत ५२ धावांनी विजयी. आई पलंगावर बसली होती, गुडघ्याला तेल लावून. ती म्हणाली, "जिंकलो गं आपण!" आणि डोळ्यांना पदर लावला.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिने आयुष्यात बॅट हातात धरलेली नाही. ८७ धावा करणारी शफाली वर्मा हरियाणाची, पाच बळी घेणारी दीप्ती शर्मा उत्तर प्रदेशची, कर्णधार पंजाबची. यांच्यातल्या एकीलाही आईने कधी समोरून पाहिलेलं नाही, आणि त्यांना तर आई असल्याचंही ठाऊक नाही. तरी 'आपण जिंकलो'. हा 'आपण' आला कुठून? या प्रश्नावर समाजशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ गेली शंभरेक वर्षं विचार करत आहेत. त्यांना जे सापडलं ते मुंबईच्या उदाहरणांनी सांगायचा प्रयत्न करते, कारण खेळाचं वेड कसं असतं हे मी याच शहरात शिकले.

आधी आपल्या भाषेबद्दल थोडं. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही जिंकलो' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण जिंकलो' म्हटलं की ऐकणाराही आत येतो. हिंदीतल्या 'हम'मध्ये किंवा इंग्रजीत ही सोय नाही. समोरच्या संघाच्या माणसाला डिवचताना आपण 'आम्ही' म्हणतो. घरच्या, शेजारच्या, गाडीत बाजूला बसलेल्या अनोळखी माणसाला सांगताना 'आपण' म्हणतो. आणि सामना हरलो की? तेव्हा बहुतेकदा 'इंडिया हरली', 'त्यांनी माती खाल्ली', 'यांना खेळताच येत नाही'. म्हणजे शब्द बदलतो, आणि शब्दाबरोबर आपली उभं राहायची जागाही बदलते.

नेमकी हीच गोष्ट रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर तपासून पाहिली. त्यांचा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत विद्यापीठांचे फुटबॉल सामने शनिवारी होतात. सोमवारी वर्गात किती मुलं आपल्या विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येतात, एवढंच त्यांनी सात विद्यापीठांत मोजलं. संघ जिंकला असेल तर असे कपडे जास्त दिसले, हरला असेल तर कमी. मग त्यांनी विद्यार्थ्यांना फोन करून सामन्याचं काय झालं असं विचारलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना मुलं 'आपण' जास्त वापरत होती आणि हरलेल्याबद्दल 'ते'. याला त्यांनी परावर्तित तेजात न्हाणं अशा अर्थाचं नाव दिलं. चंद्राचा प्रकाश जसा सूर्याचा, तसं दुसऱ्याच्या यशाचं तेज थोडं आपल्या अंगावर घेणं.

याच अभ्यासातला एक भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फोनवर आधी मुलांना काही प्रश्न विचारले आणि मग कोणाला 'तू छान केलंस' तर कोणाला 'तुला फारसं जमलं नाही' असं सांगितलं. ज्यांना जमलं नाही असं सांगितलं होतं, त्यांनी जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना 'आपण'चा आधार जास्त घेतला. ज्याच्या मनाला नुकतीच ठेच लागली आहे, त्याला संघाचा विजय जास्त हवा असतो.

दिवसभर साहेबाची बोलणी खाऊन, संध्याकाळी विरार फास्टच्या दारात लोंबकळत घरी जाणारा माणूस रात्री मुंबई इंडियन्सच्या शेवटच्या षटकात जीव टाकतो, त्याचं कारण इथे आहे. त्याला वेडा म्हणणं फार सोपं आहे. दिवसात त्याच्या वाट्याला आलेली ती एकच जिंकण्याची संधी असते, हे समजून घेतलं तर त्याच्याकडे बघण्याची दृष्टी बदलते. आणि हे शरीरातही उतरतं. १९९४च्या फुटबॉल विश्वचषकाच्या ब्राझील-इटली अंतिम सामन्याआधी आणि नंतर चाहत्यांची लाळ तपासली गेली. ब्राझीलच्या चाहत्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढलं होतं, इटलीच्या चाहत्यांमध्ये घटलं होतं. हे सगळे खुर्चीत बसून सामना बघणारे लोक होते.

पुढचा प्रश्न असा की 'आपण' तयार व्हायला लागतं तरी काय. हेन्री ताजफेल यांचं काम इथे उपयोगी पडतं. ताजफेल मूळचे पोलंडचे ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यातून लढले, युद्धकैदी झाले, आणि परत आले तेव्हा त्यांचे जवळजवळ सगळे नातलग मारले गेले होते. माणसं आपला आणि परका अशी वाटणी कशी करतात, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. पुढे इंग्लंडमध्ये, ब्रिस्टल इथे, त्यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग केले. दोन चित्रकारांपैकी तुला कोणाची चित्रं आवडतात असं विचारून मुलांचे दोन गट केले, आणि ते सुद्धा खरं तर कसेही केले. एकाच गटातली मुलं कोण हेही मुलांना कळू दिलं नाही. मग पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला जास्त दिले. इतकंच नव्हे, आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे, असाही कल दिसला.

सोसायटीत 'ए विंग' विरुद्ध 'बी विंग' बॉक्स क्रिकेट जिने पाहिलं आहे तिला हे लगेच पटेल. दोन महिन्यांपूर्वी राहायला आलेलं बिऱ्हाड बी विंगसाठी घसा फोडून ओरडत असतं. गट पडायला कारण लागत नाही, रेघ ओढली की पुरे. मग ती रेघ कुठे ओढायची हे कोण ठरवतं, याला फार महत्त्व येतं. आणि मुंबईने एका काळी ही रेघ अगदी वाईट ठिकाणी ओढली होती.

मरीन ड्राइव्हवरून चालत जा. समुद्राकडे पाठ केली तर एकापाठोपाठ एक पाट्या दिसतात. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. या पाट्या म्हणजे मुंबईच्या क्रिकेट चाहत्यांचा जुना नकाशा आहे. १८७७ मध्ये पारशांनी गोऱ्यांच्या बॉम्बे जिमखान्याशी सामना खेळला. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला आणि सामने तिरंगी झाले, १९१२ मध्ये मुसलमानांचा आला आणि चौरंगी, १९३७ मध्ये 'इतर' असा पाचवा संघ आला आणि पंचरंगी. ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन वगैरे सगळे त्या 'इतर'मध्ये. म्हणजे तुम्ही कोणासाठी टाळ्या वाजवायच्या हे तुमच्या जन्माने ठरलेलं. १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियमवर पहिली पंचरंगी झाली, तेव्हा आपल्या जिमखान्याला प्रेक्षकांच्या जागा कमी मिळाल्या या वादातून हिंदूंचा संघ उतरलाच नाही. भांडण मैदानावरच्या खेळाचं नव्हतंच, बघायला बसायच्या जागांचं होतं!

१९४० मध्ये गांधीजींनी या जातीय सामन्यांना उघड विरोध केला. तरी ते १९४६ पर्यंत चालले. पण याच सामन्यांतून पाळवणकर बाळू पुढे आले, हेही विसरून चालणार नाही. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज. पुण्यात खेळताना त्यांना चहा मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जायचा. गोऱ्यांना हरवायला त्यांची गोलंदाजी हवी, पण पंगतीला ते नकोत. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले, पण हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं गेलं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळालं. हिंदू प्रेक्षकांचा 'आपण' बाळूंच्या चेंडूपुरता उघडला होता, माणसासाठी तो उघडायला कित्येक वर्षं गेली.

आणि विजय हजारे. सांगलीचे, ख्रिस्ती. म्हणून पंचरंगीत 'इतर'च्या संघात. १९४३ साली हिंदूंविरुद्ध त्यांनी ब्रेबॉर्नवर ३०९ धावा काढल्या, संघाची धावसंख्या होती ३८७. तेच हजारे १९५२ मध्ये भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा देशाचे कर्णधार होते. नऊ वर्षांत 'इतर'मधला माणूस सगळ्यांचा झाला. माणूस तोच होता, बॅट तीच होती, लोकांनी फक्त रेघ पुसून दुसरीकडे ओढली.

पण जुनी रेघ पूर्ण पुसली जात नाही. १९९०मध्ये इंग्लंडचे राजकारणी नॉर्मन टेबिट यांनी म्हटलं की आशियातून आलेले लोक क्रिकेटमध्ये कोणाच्या बाजूने ओरडतात त्यावरून त्यांची निष्ठा ओळखावी. आपल्याकडे ही परीक्षा नाव न घेता रोज घेतली जाते. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी ऑफिसमध्ये मुसलमान सहकाऱ्याकडे सगळ्यांचं एकदा तरी लक्ष जातं. मी हे पाहिलं आहे. विकेट पडली की तो जरा जास्तच जोरात ओरडतो, आणि असं ओरडावं लागणं हे आपल्याला शोभणारं नाही. १९९१ मध्ये पाकिस्तानचा संघ येऊ नये म्हणून शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली. दुसरीकडे १९९९ मध्ये चेन्नईत सचिनच्या १३६ धावांनंतरही भारत पाकिस्तानकडून अवघ्या १२ धावांनी हरला, आणि चेपॉकवरच्या लोकांनी उभं राहून पाकिस्तानी खेळाडूंना टाळ्या दिल्या. हरल्याचं दुःख त्यांनाही होतंच. मला वाटतं, जिंकलेल्या सामन्यात टाळ्या वाजवणाऱ्यापेक्षा चाहता म्हणून ती माणसं मोठी.

माझे बाबा गिरणीत होते. त्यांचं वेड क्रिकेटपेक्षा कबड्डीचं. लालबाग, नायगाव, प्रभादेवी इथल्या व्यायामशाळांचे आणि गिरण्यांचे सामने असले की ते पाळी संपवून थेट मैदानावर. लाल मातीच्या कडेला दोरी, दोरीला टेकून माणसं चार-चार रांगांत, पुढची बसलेली, मागची उभी, त्यामागची सायकलच्या कॅरिअरवर. चढाई करणारा मुलगा त्यांच्याच गल्लीतला. त्याची आई कुठे राहते, तो सकाळी कोणत्या नळावर अंघोळ करतो, हे बघणाऱ्यांना माहीत. त्याचा पाय मुरगळला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन विचारपूस. १९८२चा संप झाला, गिरणी बंद पडली आणि गिरणीची टीमही गेली. पगार गेल्याचं बाबांनी कधी बोलून दाखवलं नाही. टीम गेल्याचं मात्र ते पुष्कळदा बोलायचे. लहानपणी मला ते विचित्र वाटायचं.

ते विचित्र नव्हतं, हे मला डॅनियल वान यांचं काम वाचल्यावर कळलं. अमेरिकेतले हे मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं फक्त चाहत्यांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या गावातल्या, आपल्या परिसरातल्या संघाशी घट्ट नातं असलेल्या लोकांना एकटेपणा कमी जाणवतो आणि त्यांचं मानसिक आरोग्य तुलनेने बरं असतं. आणि याचा संघ जिंकतो की हरतो याच्याशी फारसा संबंध नसतो. फायदा जिंकण्यातून येत नाही, तो आजूबाजूला आपल्यासारखीच माणसं असण्यातून येतो. बाबांची टीम गेली म्हणजे दोरीला टेकून उभं राहायची जागा गेली. त्या शेजारच्या खांद्याचं काय करायचं हे कोणी सांगितलं नाही.

दूरच्या संघाच्या चाहत्याला हा आधार सहजी मिळत नाही. मँचेस्टरच्या संघासाठी पहाटे दोनला एकटाच जागणारा कांदिवलीचा मुलगा घ्या. त्याचं प्रेम खरं आहे, पण आधार मिळायला त्याच्यासारखे आणखी चौघं शेजारी लागतात. म्हणूनच अशी मुलं एकत्र सामना बघायला जागा शोधतात. खेळाडूशी जुळणाऱ्या एकतर्फी नात्याचंही असंच. पडद्यावरच्या माणसाशी आपली ओळख आहे असं वाटणं, याची नोंद हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच, टीव्ही नवा असताना केली होती. आज खेळाडू सकाळी काय खातो ते आपल्याला मोबाइलवर दिसतं, म्हणून ओळख आणखी घट्ट वाटते. आणि म्हणूनच त्याने निराश केलं की राग एखाद्या सख्ख्या माणसावरचा असावा तसा येतो.

त्या रागाचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईनेच दाखवलं. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन २१ चेंडूंत १ धाव करून परतला आणि वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली गेली. सचिनची, वानखेडेवर! ज्या मैदानात त्याच्या नावाचा घोष जन्मभर ऐकला, तिथेच. त्या दिवशी चाहते 'आपण'वरून 'तो'वर आले होते.

पण यापेक्षाही जास्त शिकवणारी गोष्ट २०२४ची आहे, आणि तिच्याकडे मी पुन्हा पुन्हा वळते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने बोरिवलीच्या रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केलं. १ एप्रिल २०२४ला संघ पहिल्यांदा वानखेडेवर उतरला. नाणेफेकीला हार्दिकचं नाव घेतलं आणि त्याच्याच संघाच्या निळ्या जर्सीतल्या लोकांनी हुर्यो सुरू केली. ती इतकी वाढली की समालोचक संजय मांजरेकर यांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. अख्खा हंगाम हे चाललं. संघ शेवटच्या स्थानावर राहिला.

मग २९ जून. बार्बाडोस. टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्यात आणि चेंडू हार्दिकच्या हातात. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला, आत-बाहेर-आत. भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला संघ मुंबईत आला. वानखेडे दुपारपासून खचाखच भरलेलं, बाहेर मरीन ड्राइव्हवर मुंगीला वाट नाही, वरून पाऊस. आणि तेच वानखेडे ओरडत होतं, "हार्दिक, हार्दिक!" तीन महिन्यांचं अंतर. त्या लोकांत एप्रिलमध्ये हुर्यो उडवणारेही नक्की होते.

लोक दुटप्पी आहेत असं म्हणून विषय संपवता येतो, पण तेवढ्याने काही कळत नाही. एका माणसात एकच चाहता नसतो. रोहितचा चाहता, मुंबई इंडियन्सचा चाहता, भारताचा चाहता, अशी एकात एक बसलेली वर्तुळं असतात. एप्रिलमध्ये सगळ्यात आतलं वर्तुळ पेटलं होतं, त्यात हार्दिक परका. जुलैमध्ये सगळ्यात बाहेरचं पेटलं, त्यात हार्दिक आपला. कोणतं वर्तुळ जागं आहे यावर माणूस कसा वागेल ते ठरतं.

हे इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठात मार्क लिव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवलं. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना बोलावलं, त्यांच्या क्लबवरच्या प्रेमाबद्दल लिहायला सांगितलं आणि मग दुसऱ्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक धावणारा तरुण पाय घसरून पडतो, कण्हतो. तो प्रयोगातलाच माणूस. कधी त्याच्या अंगात युनायटेडची जर्सी, कधी कट्टर वैरी लिव्हरपूलची, कधी साधा शर्ट. युनायटेडची जर्सी असेल तर बहुतेक जण थांबून मदत करत, लिव्हरपूलची असेल तर पुष्कळ जण पुढे निघून जात. मग प्रयोग थोडा बदलला. या वेळी चाहत्यांना क्लबऐवजी एकूण फुटबॉलप्रेमी असण्याबद्दल लिहायला लावलं. आता लिव्हरपूलच्या जर्सीतल्या तरुणालाही तितकीच मदत मिळाली! वैरी तोच होता. फक्त चार ओळी वेगळ्या लिहून घेतल्या आणि वर्तुळ मोठं झालं. साध्या शर्टवाल्याला मात्र दुसऱ्या वेळीही मदत कमीच मिळाली, कारण तो मोठ्या वर्तुळातही नव्हता.

४ जुलैच्या त्या गर्दीत मरीन ड्राइव्हवर एक रुग्णवाहिका आली आणि माणसांचा तो समुद्र दुभंगला, तिला वाट मिळाली. ती चित्रफीत पुष्कळांनी पाहिली असेल. एरवी पेडर रोडवर सायरन वाजला तरी गाड्या इंचभर सरकत नाहीत, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ते दृश्य किती मोठं होतं ते कळेल. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्येच लिहून ठेवलं की माणसं एका ठिकाणी, एका गोष्टीसाठी, एका लयीत जमली की त्यांच्यात एक उचंबळ येते. ती कोणाही एकाची नसते आणि प्रत्येकाला आपल्यापेक्षा मोठं काहीतरी जाणवतं. ते धर्माबद्दल बोलत होते. वारीत चाललेल्या माणसाला, लालबागला विसर्जनाला निघालेल्याला, हे वेगळं शिकवावं लागत नाही. वारीत अनोळखी माणूस दुसऱ्याला 'माउली' म्हणतो. वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये चौकार गेल्यावर अनोळखी माणूस गळ्यात पडतो.

पण उचंबळ आंधळी असते, तिला कठडे बांधावे लागतात. मरीन ड्राइव्हवर त्या रात्री गर्दी ओसरल्यावर रस्ताभर चपला-बूट पडले होते, काही जण जखमीही झाले. वर्षभराने, ४ जून २०२५ला, बेंगळुरूत आयपीएल विजयाच्या जल्लोषात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ जण गेले. त्यांच्या घरची माणसं सकाळी 'आपण जिंकलो' म्हणतच उठली होती. चाहत्यांच्या प्रेमावर सोहळे उभे करणाऱ्यांनी दरवाजे किती, रस्ता किती रुंद, माणसं किती, हा हिशोब आधी करायला हवा. चाहत्याला शिस्तीचे धडे नंतर.

पैशाचंही याच ओघात सांगते. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रसारणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. या रकमेत विकलं गेलं ते मुख्यतः आपलं बघणं. क्लब ही कंपनी असते, तिला चाहता ग्राहक दिसतो. चाहता स्वतःला ग्राहक समजत नाही. साबण आवडला नाही तर माणूस दुसरा घेतो, हरणारा संघ मात्र तो बदलत नाही, उलट अधिक घट्ट धरून बसतो. हीच कंपनीची कमाई आणि हीच चाहत्याची ताकद.

ती ताकद २०१८ मध्ये अंधेरीत दिसली. १ जूनला मुंबई फुटबॉल अरीनात भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली, आणि बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकला. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या, अशी त्याची विनंती होती. त्यात राग नव्हता, त्यामुळे ती जास्त लागली. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. सगळी तिकिटं संपली आणि भर पावसात लोक उभे राहून गात होते.

मी स्वतः वानखेडेवर पहिल्यांदा गेले ती बाबांबरोबर. संप संपून काही वर्षं झाली होती, तिकिटाचे पैसे त्यांनी कुठून आणले ते मला आजही माहीत नाही. स्टँडमध्ये बायका बोटावर मोजण्याइतक्या. मागून कोणीतरी म्हणालं, "पोरीला काय कळतंय यातलं?" बाबा मागे वळले नाहीत. पुढचा चेंडू पडला तेव्हा त्यांनी मला मोठ्याने विचारलं, "कुठे पडला गं?" मी म्हटलं, "ऑफ स्टंपच्या बाहेर, आत आला." मागचा आवाज गप्प झाला. 'आपण'मध्ये येण्यासाठी बायकांना अशी तोंडी परीक्षा वर्षानुवर्षं द्यावी लागली आहे, आणि अजूनही लागते.

३ नोव्हेंबरच्या सकाळी मी परळहून ऑफिसला निघाले. लेडीज डब्यात बसायला जागा नव्हती. माझ्या समोर सहाजणी मोबाइलभोवती वाकलेल्या, कोणी दादरला चढलेली, कोणी कुर्ल्याला, एकमेकींच्या ओळखीच्या नव्हत्या. स्क्रीनवर हरमनप्रीतचा तो झेल परत परत चालला होता. कोपऱ्यात मोठी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "आवाज मोठा कर गं जरा, काल आमच्याकडे ऐन वेळेला लाइट गेली." मुलीने आवाज मोठा केला. मावशी थोड्या सरकल्या, माझ्याकडे बघून सीटवर हात थोपटला, आणि मी तिघींच्या सीटवर चौथी म्हणून बसले. "आता परत पहिल्यापासून लाव," त्या म्हणाल्या, "हिने पण बघू दे."